होल्डवर

दुपारच्या बातम्यांत जॉर्जियातला एक डोंगर दाखवत होते. तिथल्या एका स्की रिसॉर्टच्या उतारावर बर्फाचा कडा कोसळला होता आणि काही माणसं खाली अडकली होती. बहरीनमधल्या गुदैबियाच्या फ्लॅटमध्ये जेवण वाढणाऱ्या शमाचा हात थांबला.

"लाईबा तिथंच गेलीय ना?"

कमालने मुलीला फोन लावला. लागला नाही. सोबत गेलेल्या मैत्रिणीचा, नुसरतचाही लागला नाही.

"जॉर्जियात काय एकच रिसॉर्ट आहे?" तो म्हणाला. मोबाइलवर नकाशा उघडून त्याने बायकोपुढे धरला. "बघ. हे एक. हे वर दुसरं. हे पार सीमेला. देशभर आहेत. यातल्या कुठल्याही एकात असेल."

"कुठल्या?"

निघायच्या आदल्या दिवशी लाईबा सांगायलाच आली होती. "अब्बा, लिसन ना. कुठे राहणार ते तरी ऐका." मुलीमुलींनीच परदेशात बर्फावर घसरायला जाणं त्याला पसंत नव्हतं. "जायचंच आहे ना? मग मला काही सांगू नको," म्हणून तो नमाजला निघून गेला होता.

"तुला तरी बोलली असेल."

"मी विचारलं तर म्हणाली, अब्बांनी विचारलं की सांगेन."

बातम्यांत आलेल्या रिसॉर्टचा नंबर त्याने शोधून काढला. लावत राहिला. शेवटी एका बाईने उचलला. तिचं इंग्रजी तोडकं होतं, आणि कमालचं त्या क्षणी त्याहून तोडकं झालं. लाईबा. इंडियन. फ्रॉम बहरीन. माय डॉटर. पण बाईला नाव नको होतं.

"जॅकेट," ती म्हणत होती. "व्हॉट कलर, जॅकेट?"

कमालने शमाकडे पाहिलं. नवं जॅकेट घालून लाईबा याच खोलीत उभी राहिली होती. त्याने मान वर केली नव्हती.

"पिवळं," शमा म्हणाली.

"येलो," तो फोनमध्ये म्हणाला.

पलीकडे बाईने आपल्या भाषेत मागे कुणाला तरी विचारलं. एक पुरुष काहीतरी बोलला.

"प्लीज होल्ड, सर." बाईचा आवाज आता मऊ झाला होता.

फोनमधून गाणं सुरू झालं. नाचायचं असावं, मधेमधे टाळ्या वाजत होत्या. कमालने स्पीकर लावून फोन पलंगावर ठेवला आणि दोघं त्याच्या दोन बाजूंना बसली. बाहेर दुपार कलताना असरची अजान झाली. शमाने ओढणी डोक्यावर घेतली, पण ती जागची हलली नाही.

गाणं थांबलं. दोघं एकदम उभी राहिली.

मग तेच गाणं पुन्हा पहिल्यापासून सुरू झालं.