साडेबावन्न किलो

जिमच्या दारात, बूट काढायचे की तसंच आत जायचं या विचारात मावशी उभ्या होत्या. तेवढ्यात एका घामाघूम गृहस्थाने आपला ओला टॉवेल त्यांच्या हातात दिला, धुवायला टाका म्हणाला आणि पाणी प्यायला निघून गेला. मावशींचा हात सवयीने पुढे झाला होता. टॉवेलची चौघडी घालून झाली तेव्हा कुठे त्यांना समोरच्या आरशात आपण दिसलो. सुनेची ट्रॅक पँट, वर सैल कुर्ता, पन्नाशी उलटलेलं अंग. त्या माणसाची तरी काय चूक? हॉस्पिटलच्या वॉर्डात सत्तावीस वर्षं मावशी म्हणून काढली, की बाई कुठेही गेली तरी मावशीच दिसते.

ट्रेनर मुलगी धावत आली आणि माफी मागू लागली. मावशींनी तिला टॉवेलची बास्केट कुठे आहे तेवढं विचारलं. तोंडावर काही दाखवलं नाही. आल्या पावली परत फिरावं असं दोनदा मनात आलं. पण सोमवार तोंडावर होता.

गेल्या महिन्यात वॉर्डात सात नंबरच्या आजोबांना खुर्चीतून बेडवर घेताना ते मावशींच्या हातातून निसटले. अलगद जमिनीवर बसले, कुठे लागलं नाही, उलट स्वतःच हसले. मावशी हसल्या नाहीत. त्यांनी आपणहून चादरींच्या खोलीत बदली मागून घेतली. चादर पडली तर तिला लागत नाही. डॉक्टरांनी पाठ तपासली, हात तपासले, सगळं ठणठणीत आहे म्हणाले. पण डॉक्टरांनी सांगणं वेगळं आणि हातांना पटणं वेगळं. सिस्टरनी सोमवारपर्यंत मुदत दिली होती. वॉर्ड की चादरी, एकदाच काय ते सांगा.

"वजन कमी करायचंय ना?" ट्रेनरने फॉर्म पुढे ओढत विचारलं.

"नाही. उचलायचंय. बावन्न किलो."

आजोबांच्या केसपेपरवर वजनाचा तोच आकडा होता. मावशींनी तो पाठ केला नव्हता, तो डोक्यातून जातच नव्हता. ट्रेनर हसली. पहिल्या दिवशी नुसता रिकामा दांडाच उचलायचा, तोच वीस किलोचा असतो, असं तिने समजावून सांगितलं.

मावशी दांड्यासमोर उभ्या राहिल्या. आजूबाजूला लोक वजनं धाडधाड खाली टाकत होते आणि दर आवाजाला मावशी दचकत होत्या. त्यांच्या कामात असा आवाज झाला की पळत सुटायचं असतं. त्यांनी पाय फाकवले, गुडघे वाकवले, पाठ सरळ ठेवून दांडा नडगीला लागेल इतका जवळ घेतला.

"उचलते हं," त्या म्हणाल्या आणि उचलला.

आपण लोखंडाशी बोललो हे त्यांच्या उशिरा लक्षात आलं. टॉवेलवाले गृहस्थ शेजारच्या मशीनवर होते, ते खोकल्याच्या आडून हसले. मावशींचे कान तापले. ट्रेनर मात्र हसली नाही. ती त्यांच्या पाठीकडे बघत होती. असं उभं राहायला शिकवताना तिचे महिने जात. कुणी शिकवलं म्हणून तिने विचारलं, तर पेशंटनी, असं मावशींनी सांगितलं. माणूस लांब धरला की घाबरतो, त्याला जवळच घ्यावा लागतो.

मग तीस झाले, चाळीस झाले. दर वेळी ट्रेनर बाजूने वाकून बघायची आणि दर वेळी मावशी "उचलते हं" म्हणायच्या. आता कुणी हसलं तर हसो. चाळीसला मात्र दांडा गुडघ्यांपाशी क्षणभर अडला. आजच्यापुरतं पुरे, असं ट्रेनर म्हणाली. मावशी जागच्या हलल्या नाहीत. औषध घेणार नाही म्हणणारे भले भले पेशंट त्यांनी असंच नुसतं उभं राहून वळवले होते. त्यापुढे या पोरीचा काय निभाव लागणार?

"एकदाच," ट्रेनर शेवटी म्हणाली. "पाठ वाकली की मी थांबवणार." तिने प्लेटा शोधल्या, बदलल्या, मनात बेरीज केली. "बावन्न नेमकं होत नाहीये. साडेबावन्न होतंय."

"होऊ दे. अर्धा किलो पांघरूण धरा."

मावशी वाकल्या. दांडा जागचा हलेना. बोटांत तोच त्या दिवशीचा निसटतेपणा आला आणि मावशी मनातून घाबरल्या. त्यांनी हात सोडवले, सुनेच्या पँटला पुसले आणि अर्धं पाऊल आणखी जवळ सरकल्या.

"आजोबा, उचलते हं," त्या हळूच म्हणाल्या. "नीट धरलंय."

दांडा जमिनीवरून उचलला गेला, गुडघ्यांपर्यंत आला, मांड्यांवरून वर सरकला आणि मावशी ताठ उभ्या राहिल्या. खुर्चीतून बेडकडे वळायला लागतो तेवढा वेळ त्यांनी तो तसाच धरून ठेवला. मग गुडघे मोडत, इंचाइंचाने तो खाली आणला. जमिनीला टेकला तेव्हा जराही आवाज झाला नाही. गृहस्थांनी आपलं मशीन कधी थांबवलं ते त्यांनाही कळलं नसेल.

ट्रेनरचा चेहरा फुलला होता. तरी तिने चूक दाखवलीच. "मावशी, खाली आणताना एवढी ताकद घालवायची नाही. सरळ सोडून द्यायचं. खाली रबर आहे, इथे सगळे सोडतात."

मावशी एकेक बोट उलगडत होत्या.

"तुमचं चालतं," त्या म्हणाल्या. "माझ्याकडे सोमवारपासून परत माणसं आहेत."