अजून थोडं डावीकडे

"आलं का?" छपरावरून एल्गनने विचारलं.

"मुंग्याच मुंग्या!" खिडकीतून डोकं बाहेर काढून नेस्टाबाई ओरडल्या. "अजून थोडं डावीकडे!"

साडेतीनला वेल्समधल्या शाळकरी मुलांच्या गाण्याच्या स्पर्धा टीव्हीवर थेट दाखवणार होते. समूहगानात नेस्टाबाईंचा नातू गेथिन होता. गुडघ्यांपायी त्यांचं डोंगर उतरणं बंद झालेलं, पोराचं तोंड पाहून वर्ष उलटलेलं. म्हणून सकाळपासून फोन करकरून त्यांनी पलीकडच्या गावातला हा अँटेनावाला बोलावला होता.

माणूस बरा होता, पण सारखा घड्याळ बघायचा.

"मावशी, लवकर मोकळं करा हं. साडेतीनला मला घरी टीव्हीसमोर बसायचंय."

"रग्बी असेल! तुम्हा बाप्यांना दुसरं काय सुचणार?"

तो नुसता हसला. खिडकीखाली ठेवलेल्या त्याच्या हत्यारांच्या पेटीची कडी मोडली होती. तिथे बांधलेली लाल रिबीन सुटून लोंबत होती.

"एवढा बाप्या, धड गाठ मारता येत नाही!" बाईंनी ऐकवलंच.

चित्र आलं. त्याने हात काढला, गेलं. अँटेना धरून ठेवणारी पट्टी गंजून तुटली होती. नवी दुकानात होती, आणि जाऊन यायला तासभर तरी लागला असता. बाईंचे डोळे भरून आले.

"जा बाबा तू. माझ्या नशिबातच नाही."

एल्गनने अँटेना पुन्हा हातात धरली.

"मी धरून बसतो, मावशी. तुम्ही बघा. फक्त काय दिसतंय ते मोठ्याने सांगत राहा."

गेथिन पहिल्याच रांगेत होता, पुढचा दात पडलेला. बाई हसल्या, रडल्या, पडद्यावरून हातही फिरवून झाला.

"झालं रे माझं! उतर आता, उरलेली रग्बी तरी बघ."

एल्गन उतरला नाही. "आता कोण आहे?"

"एक मुलगी. एकटीच गातेय. काय गोड गळा आहे रे!"

"घाबरलीय का?"

"छे! चांगली ताठ उभी आहे. दोन वेण्या, लाल रिबिनी... अगं बाई, डावीकडची सुटून खांद्यावर आलीय! तुझ्यासारखंच हिच्या आईलाही धड गाठ मारता येत नाही वाटतं!"

पडद्यावरचं चित्र जरासं थरथरलं.

"आई नाही तिला, मावशी. सकाळी मीच बांधली होती."