चढावरची चेन

चढाचं पहिलं वळण आलं तशी रेजिसने गिअरची दांडी मुद्दाम जोरात ओढली. खट्ट आवाज झाला आणि चेन पडली.

"पडली का परत?" मागून आल्सीद ओरडला. धापेमुळे त्याचे शब्द तुटत होते. "किती वेळा सांगितलं, भंगारात दे ती सायकल!"

"माझी सायकल, माझी चेन. तुझ्या का पोटात दुखतंय?" रेजिस उतरला आणि त्याने रस्त्याकडेच्या गवतात सायकल उलटी केली.

आल्सीदही उतरला आणि मैलाच्या दगडावर बसला. पंचाहत्तरीचा, धिप्पाड, जन्मभर दगडी घरं बांधलेला गवंडी, पण त्याचे ओठ निळसर पडले होते. रेजिसने तिकडे बघून न बघितल्यासारखं केलं आणि चेनशी उगाच खटपट करत राहिला. अर्ध्या मिनिटाच्या कामाला त्याने चांगली दहा मिनिटं लावली.

चाळीस वर्षं दर गुरुवारी दोघं असे निघायचे. घाई नाही, शर्यत नाही. सूर्यफुलांच्या शेतांमधून, नदीकाठच्या चिनारांखालून, टेकडीवरच्या मोंब्राँ गावापर्यंत. तिथे चर्चसमोरच्या कॅफेत कॉफी आणि लसूण चोळलेला पाव, की परत घरी. त्या भागातल्या सायकलवाल्यांची एक रीत होती. सायकल बिघडली तर सगळ्यांनी थांबायचं, आणि माणूस दमला तर कुणी काही विचारायचं नाही. "दमलास का?" असं विचारणं म्हणजे सायकल आता माळ्यावर टाक, असं तोंडावर सांगणं. त्यावरून दोन सख्ख्या भावांनी बोलणं टाकल्याचंही गावाला ठाऊक होतं.

यंदा मार्चपासून आल्सीद दमू लागला. रेजिसच्या ते लगेच लक्षात आलं. तो स्वतः गावचा निवृत्त पोस्टमन. सदतीस वर्षं सायकलवरून टपाल वाटलेलं. चढ म्हणजे त्याच्या हातचा मळ. पण आल्सीदला जरा थांब म्हणायची सोय नव्हती. तो मानी माणूस, त्याने त्या दिवसापासून सायकलला हात लावला नसता. आणि गुरुवार गेला असता तर रेजिसकडे उरलं काय होतं? बायको जाऊन सहा वर्षं झाली होती, मुलगी कॅनडात. म्हणून त्याने ही शक्कल काढली. चढ आला की चेन पडायची. आपल्या हुशारीवर तो मनातल्या मनात भलताच खूश होता.

"हे घे." आल्सीदने खिशातून फडकं काढलं. आताशा तो आठवणीने फडकं बरोबर आणायचा. "हात पूस नीट. कपाला काळं लावलंस तर ती कॅफेवाली दोघांनाही हाकलून देईल."

"तुला हाकलायला तिला कारण कशाला हवं? चल, ऊठ."

"सावकाश रे," आल्सीद म्हणाला. "नाहीतर परत पडेल चेन."

रेजिस गालातल्या गालात हसला.

पुढच्या मंगळवारी सकाळी आल्सीद गेला. कोंबड्यांना दाणे टाकता टाकता अंगणातच कोसळला.

त्याला पुरल्यानंतरच्या गुरुवारी रेजिसचे पाय आपोआप सायकलकडे वळले. जायचं कुठे ते सुचेना, म्हणून तो आल्सीदच्या घरी गेला. ओदीलने, आल्सीदच्या बायकोने, त्याला स्वयंपाकघरात बसवलं, कॉफी दिली, आणि ते फडकं त्याच्यासमोर ठेवलं. धुऊन, इस्त्री करून.

"डॉक्टरांनी ईस्टरलाच सांगितलं होतं," ती म्हणाली. "हृदयात काही राम उरला नाही, चढावर सायकल घातलीत तर खेळ खलास."

रेजिसने कप खाली ठेवला. "ईस्टरला? मग तो दर गुरुवारी यायचा कसा?"

"मी काय कमी भांडले? एकदा तर चाकातली हवा काढून ठेवली. ऐकेल तर शपथ! म्हणायचा, रेजिसला हल्ली चढ झेपत नाही गं. बिचारा दर चढाला चेन पडल्याचं सोंग करतो. मी घरी बसलो तर त्याच्यासाठी थांबेल कोण?"

चार महिने रेजिसने आपल्या हाताने मित्राला त्या चढावर नेलं होतं. दोघांपैकी एकाने एकदा, फक्त एकदा, दमलास का म्हणून विचारलं असतं तर! त्याला ओरडून रडावंसं वाटलं.

ओदील त्याच्याकडे बघत होती. रडून रडून तिचे डोळे सुजले होते.

"खरं सांग, रेजिस. नव्हतं ना रे झेपत तुला? तुझ्यासाठी म्हणून जात होता तो. निदान ते तरी फुकट नाही ना गेलं?"

रेजिसने फडकं मुठीत घट्ट धरलं.

"नाही झेपत, ओदील," तो म्हणाला. "तो नसता तर मी केव्हाच सायकल सोडली असती."

तिने मान डोलावली. इतक्या दिवसांत पहिल्यांदाच तिचा चेहरा जरा निवला. ती त्याला फाटकापर्यंत सोडायला आली. तिथून रस्ता सरळ वर, रेजिसच्या घराकडे चढत जात होता. पत्रांची जड थैली घेऊन सदतीस वर्षं तो चढ त्याने रोज दोनदा चढला होता. तो सायकलवर बसला आणि दहा-बारा पायडल मारून त्याने मागे वळून पाहिलं. ओदील अजून फाटकातच उभी होती.

रेजिस खाली उतरला. चेन जागेवरच होती. सायकल हाताने ढकलत, जागोजागी दम खायला थांबत, तो हळूहळू चढ चढू लागला.