जेठाची माफी

हजला निघालेल्यानं आधी दुखावलेल्या माणसांची माफी मागायची, न्हाईतर हज कबूल होत न्हाई, म्हणून गळ्यात हार घालून वजीरमियाँ भावजयीच्या उंबऱ्याशी आले.

"दुल्हन, कहासुना माफ कर."

हुरमतबी तांदूळ निवडत राहिली. विसाव्या वर्षी ती विधवा झाली, तेव्हा जिंतूरच्या एका अत्तारवाल्यानं तिला मागणी घातली होती. दुसऱ्या निकाहाची मोकळीक तिला धर्मानं दिली होती, पण या जेठानं दिली नव्हती. विचारलं की एकच उत्तर, "घाई काय हाय? बघू." अत्तारवाला वाट बघून थकला, आणि हुरमतबीचे केस पिकले.

"मोटार सुटायलीय, दुल्हन! माफ केलं म्हण."

तिनं सुपातला खडा वेचून त्यांच्या पायापाशी टाकला.

"घाई काय हाय, भाईसाब? जाऊन या. मग बघू."