घड्याळांवरचं एकुलतं एक पुस्तक

निबंध तपासून झाल्यावर बाई वर्गाला म्हणाल्या, “सहा महिने स्वतःचं स्वतः संशोधन केलंत. आता त्यातून काय शिकलात ते बरोबर शंभर शब्दांत लिहा. आणि गोडगोड नको हं, खरं लिहा.” मी हात वर केला. “बाई, अगदी खरं?” “अगदी!” मग मी माझ्या बाकावरच्या मैत्रिणीकडे पाहिलं. तिच्या निबंधाला पहिला नंबर मिळाला होता. मी कागदावर हात आडवा धरला आणि लिहायला लागले:

बाई, तिने घड्याळदुरुस्ती हा विषय घेतला म्हणून मीही तोच घेतला. लायब्ररीत त्यावर एकच पुस्तक होतं. ते मी आधी पळवलं आणि सहा महिने मुदत वाढवून घेत राहिले. वाचली मात्र पंधरा पानं. ती बिचारी विचारायची, “अगं, ते पुस्तक कोणी नेलंय गं?” मी म्हणायचे, “मला काय माहीत!” शेवटी ती दर शनिवारी घड्याळवाल्या आजोबांच्या दुकानात जाऊन बसायला लागली, डोळ्याला भिंग लावून चिमट्याने चाकं बसवायला शिकली. तुम्ही तिचा निबंध वाचून दाखवलात, तेव्हा माझा नुसता जळफळाट झाला. त्यात आभारांच्या पानावर ती लिहिते, ‘पुस्तक अडवून ठेवणाऱ्या अनोळखी वाचकाचे आभार, त्याच्यामुळे मी दुकानात पोचले.’ बाई, नंबर तिचाच राहू दे, पण त्या आभारांत तरी माझं नाव घालायला सांगा ना!