रिकाम्या जागा

"आई, रिपोर्टात लिहिलंय, तुझ्या रक्ताची लोह धरायची क्षमता जास्त आहे," तनुजानं वाचून सांगितलं.

"बघ, लई ताकद हाय माझ्यात! गोळ्या कशाला?" म्हणत दीपमाला बादली घेऊन पाण्याला खाली गेली.

तनुजाला चैन पडेना. रिपोर्ट घेऊन ती वरच्या मजल्यावरच्या मजीद सरांकडं धावली.

"बेटा, गंगापूरच्या जीपमध्ये रिकाम्या जागा जास्त, म्हणजे माणसं?"

"कमी."

"ही क्षमता म्हणजे त्या रिकाम्या जागा. बसायला लोहच नाही."

तनुजा धडाधड जिना उतरली. भरलेली बादली पायरीवर ठेवून आई भिंतीला टेकली होती.

"जरा दम घेते गं, निघतेच."

तनुजानं बादली उचलली.

"बस खाली. जीप भरल्याशिवाय निघत नाय."