शेवटचं प्रकरण

"आता दिसतंय?" चष्मेवाल्यानं भिंग बदलून विचारलं.

"मघाशी दिसत होतं," निवृत्त हेडमास्तर म्हणाले आणि नाकावरची तपासणीची जड फ्रेम काढून डोळे पुसू लागले. "आता सगळं धूसर झालं. तुमचा नंबर चुकला असणार."

नंबर चुकला नव्हता. हेडमास्तर पुस्तकाच्या शेवटच्या पानावर पोचले होते, एवढंच.

जवळची नजर तपासायला इतर दुकानांत अक्षरांचा छापील कागद देतात. या दुकानात 'वेढ्यातली पोर' ही कादंबरी हातात ठेवत. तीनशे वर्षांपूर्वीचं, वेढा पडलेलं शहर. तटावरून निरोप पोचवणारी दिवेवाल्याची मुलगी तोफेच्या गोळ्यानं मरते; पण तू मेलीस असं तिला कुणी सांगतच नाही, म्हणून बिचारी निरोप पोचवत राहते. पुस्तक होतं किशोरवयीनांसाठी, पण वाचत बसायची ती साठीपुढची गिऱ्हाइकं, आणि मागची माणसं बोंब मारायची.

एक शिंपीणबाई तर भुताचं पुढे काय झालं ते बघायला पुन्हा पुन्हा 'डोळे चुरचुरतात' म्हणून येत. इतिहासाचे एक प्राध्यापक 'असल्या तोफा तेव्हा नव्हत्याच' म्हणून तावातावानं भांडले आणि जाताना दोन प्रती घेऊन गेले. एका शाळकरी मुलीनं अट घातली होती, पुढच्या भागात ती पोर परत येणार असेल तरच चष्मा लावीन.

"परत नाही येणार ती," चष्मेवाल्यानं तिला सांगितलं होतं, आणि काच पुसायला पाठ वळवली होती.

कादंबरी त्याच्या मुलीनं लिहिली होती. घरात तिला टकळी म्हणत, तोंडाला खळ नसायचा म्हणून. आजारपणात तोंड दमलं तेव्हा तिची बोटं चालू लागली. भूत झालेली पोर स्वतःच्या घराच्या दाराशी येते, तिथवर लिहून टकळी गेली.

पुढचं तिच्या आईनं लिहिलं, हे चष्मेवाल्याला न सांगता कळलं. बायको इस्पितळात रात्रपाळीची नर्स. तो दुकान बंद करून आला की ती निघायची, ती आली की तो. टकळी गेल्यानंतर एका संध्याकाळी त्यानं लेकीचा कॉम्प्युटर उघडला, तर दाराशी थांबलेली पोर आत आलेली. झोपलेल्या आईबापांच्या उशाशी ती बसते. त्यांना हाक मारायला घाबरते. पांघरूण सारखं करते आणि निघून जाते.

तो ढसाढसा रडला. पण बायकोला काही विचारलं नाही. तिला लिहून मोकळं व्हायचं असेल तर होऊ दे. त्याला स्वतःला दुकानाची पाटी लिहितानासुद्धा घाम फुटला होता.

"शेवट छान झालाय, नाही?" एवढंच तो म्हणाला होता.

"फार छान," ती म्हणाली आणि कितीतरी वेळ त्याचा हात धरून बसली.

हेडमास्तर गेले आणि प्रकाशक आला. एरवी शाळेची गाइडं छापणारा, चष्मेवाल्याचा बालमित्र. आज त्यानं चहा नको म्हटलं आणि खिशातून एक कागद काढला.

"एका वाचकाचं पत्र आलंय. ऐक," प्रकाशक म्हणाला. "'आधीची प्रकरणं एका हुशार पोरीची आहेत. त्यांत भूत आपल्याला घाबरवतं. शेवटच्या प्रकरणात भूतच घाबरलंय. हा हात वेगळा आहे. आईबापांनी मेलेल्या मुलीच्या नावावर आपलं लिखाण खपवलं, त्यांना लाज कशी वाटली नाही?'"

प्रकाशकानं पत्राची घडी घातली.

"हे पेपरात गेलं तर टकळीचं नाव खराब होईल. दुसरी आवृत्ती छापायला घेतोय. एक तर ते प्रकरण काढू, नाही तर ज्यानं लिहिलं त्याचं नाव टाकू."

"काढू नकोस," चष्मेवाला घाईघाईनं म्हणाला. "काढलंस तर पोर कायमची दारातच उभी राहील रे."

"मग नाव सांग."

त्याच्या डोळ्यांपुढे बायको आली. इस्पितळात तिच्या पाठीमागे कुजबुजणाऱ्या बायका आल्या.

"मी लिहिलं. माझं नाव टाक."

"तू?" प्रकाशक बघतच राहिला. "लेका, शाळेत गाईवरचा निबंधसुद्धा माझ्या वहीतून उतरवलास तू! आणि काल वहिनी येऊन गेल्या माझ्याकडे. त्यांच्याही कानावर गेलं होतं. म्हणाल्या, 'मी लिहिलंय, माझं नाव टाका. यांच्यापर्यंत काही जाऊ देऊ नका.' खात्री करावी म्हणून तुला विचारलं."

चष्मेवाल्यानं मान खाली घातली. एकटीनं जाऊन कबूल करून आली होती. त्याला तिचा अभिमान वाटला, आणि आपण तिला इतके दिवस एकटं सोडलं याचं वाईटही वाटलं. त्यानं भर दुपारी दुकान बंद केलं.

ती युनिफॉर्मला इस्त्री करत होती.

"अगंबाई, आज इतक्या लवकर?"

"प्रकाशक आला होता."

तिनं इस्त्री उभी करून ठेवली. "त्याच्या पोटात काही राहील तर शपथ!"

"बरं केलंस," तो तिच्याजवळ बसत म्हणाला. "एकदाचं खरं सांगून टाकलंस."

"खरं कसलं?" तिनं पदरानं डोळे टिपले. "रागावू नका हो. इतकं रात्र रात्र जागून लिहिलंत तुम्ही, आणि वर लोकांनी तुम्हालाच नावं ठेवायची? मला नसतं सोसलं ते. म्हणून माझं नाव सांगितलं. एरवी मला कुठे एक ओळ लिहिता येते?"